स्त्रीबीजांची शिल्लक : एका प्रश्नाचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी लिहावे, असा संपादिकाबाईंचा आग्रह झाला. मी शाळेत इतिहास शिकविलेली बाई; तेव्हा शिवकालावर किंवा गिरणगावावर चार पाने येतील अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेली दोन वर्षे माझ्या मनात निराळाच विषय घोळत आहे. तो आपल्या घराघरांतला असूनही आपण तो मोठ्याने बोलत नाही. लग्नाला चार-पाच वर्षे झाली, मूल नाही, आणि डॉक्टर सांगतात, "बाई, तुमच्या बीजकोशात बीजांची शिल्लक कमी आहे." अशा वेळी त्या मुलीने काय करावे? हा प्रश्न डॉक्टरांचा खरा; परंतु त्याला मोठा इतिहास आहे आणि तो ठाऊक असला म्हणजे निर्णय घेताना मन थोडे स्थिर राहते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या भाचीमुळे मी या विषयात शिरले. ती सदतीस वर्षांची, नोकरी करणारी. रक्ताच्या तपासात तिचा एएमएचचा आकडा ०.६ आला आणि सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून चारच बीजपुटिका दिसल्या. एका दवाखान्यात पहिल्याच भेटीत तिला सांगण्यात आले की स्वतःच्या बीजाचा नाद सोडा, दुसरीचे बीज घ्या, आणि पैसे आजच भरलेत तर सवलत मिळेल. घरी येऊन ती म्हणाली, "आत्या, मला रडूसुद्धा येत नाही गं. मला आधी हे सगळं आहे तरी काय ते समजून घ्यायचंय." मग आम्ही दोघी वाचावयास बसलो.

प्रथम आपल्याकडची जुनी स्थिती पाहू. मूल नसले की दोष बाईचा, हे ठरलेलेच असे. नवस, उपास, पिंपळाच्या प्रदक्षिणा झाल्या आणि तरीही पाळणा हलला नाही, की घरात सवत येई. यास कायद्याचीही आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्यास बंदी घालणारा कायदा १९४६ साली झाला आणि देशभर ती बंदी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. म्हणजे आपल्या आज्यांच्या काळापर्यंत वांझपणाचे औषध म्हणजे दुसरी बायको, असाच व्यवहार होता. पुरुषाची तपासणी करावी हा विचार कोणाच्या डोक्यात येत नसे.

त्याच काळात निराळी वाट दाखविणारी माणसेही झाली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मूल नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न केले नाही. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत यास दत्तक घेतले. तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता वारल्या, हे आपण जाणताच. पंढरपुरास प्रार्थना समाजाचा बालकाश्रम निघाला तो १८७५ साली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांचा विषय निराळा होता. परंतु स्त्रीच्या शरीराबद्दल सरळ भाषेत बोलता येते, हे आपल्याला त्यांनी शिकविले.

आता शास्त्राकडे वळू. सस्तन प्राण्याचे बीज माणसाने प्रथम पाहिले ते १८२७ साली. फॉन बेअर या शास्त्रज्ञास ते कुत्रीच्या बीजकोशात सापडले. ही बीजे आयुष्यभर नवी तयार होतात की जन्मतःच ठरलेली असतात, यावर पुढे पुष्कळ वर्षे वाद चालला. १९५१ साली झुकरमन यांनी सर्व पुरावे एकत्र मांडून दाखविले की मुलगी जन्माला येतानाच आपली सारी पुंजी घेऊन येते. पुढे त्यात भर पडत नाही. आजही बहुतेक तज्ज्ञ हेच मानतात.

ही पुंजी किती, ते पाहून मी थक्क झाले. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलीच्या बीजकोशांत ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात. पाळी सुरू होते तेव्हा ३ ते ४ लाख, सदतिसाव्या वर्षाच्या आसपास सुमारे २५ हजार, आणि पाळी जाते तेव्हा हजारभर. यांपैकी साऱ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम ४००. बाकीची आपोआप जिरून जातात. आपल्या देशात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते; पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या सुमारास जाते. काहींची पुंजी याहून लवकर आटते. बीजकोशावरील गाठीची शस्त्रक्रिया, कर्करोगाची औषधे, आनुवंशिक कारणे ही त्यामागे असू शकतात. आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. तेव्हा "उशिरा लग्न केलेस म्हणून" असा ठपका प्रत्येकीवर ठेवणे चुकीचे आहे.

एएमएच या रसायनाची कथा गमतीची आहे. १९४७ साली योस्त या फ्रेंच शास्त्रज्ञास सशाच्या नर गर्भांवर प्रयोग करताना त्याचा सुगावा लागला. बायकांच्या बीजांची शिल्लक मोजण्यास त्याचा उपयोग होईल, हे ध्यानात आले ते २००२ च्या सुमारास. लहान वाढत्या बीजपुटिका हे रसायन सोडतात. पुटिका कमी, तर आकडा कमी. साधारणतः १.१ किंवा १.२ च्या खाली आकडा आला की शिल्लक कमी समजतात.

परंतु भगिनींनो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा आकडा संख्या सांगतो, कस सांगत नाही. बीजाचा कस मुख्यतः वयावर अवलंबून असतो. तीस वर्षांच्या मुलीची बीजे थोडी असली तरी ती तीस वर्षांचीच असतात. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ४४ वयाच्या, पूर्वी वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या सुमारे ७५० बायका नुकत्याच मुलासाठी प्रयत्न करू लागलेल्या होत्या. ज्यांचा एएमएच कमी होता त्यांना नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता इतरांहून कमी आढळली नाही. याचे कारण उघड आहे. महिन्याला लागते एकच बीज. तेव्हा केवळ हा आकडा पाहून तरण्या मुलीने घाबरून जाऊ नये, आणि लग्न ठरविताना तर तो कोणी मागूच नये. मात्र सहा महिने प्रयत्न करूनही दिवस राहिले नसतील आणि वय पस्तिशीपुढे गेले असेल, तर वेळ दवडू नये, हेही तितकेच खरे.

औषधांचा इतिहास तर एखाद्या कादंबरीत शोभेल असा आहे. पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत बीजकोशाला चेतविणारी द्रव्ये भरपूर असतात. इटलीतील डोनिनी या शास्त्रज्ञाने १९४९ साली ती शुद्ध करून काढली. पण औषध करावयाचे तर लघवी हवी हजारो लिटर! ती दिली वृद्ध जोगिणींनी. ज्यांनी जन्मभर ब्रह्मचर्य पाळले, त्या ख्रिस्ती मठांतील म्हाताऱ्या बायकांच्या देणगीतून वंध्य स्त्रियांचे औषध तयार झाले. लुनेनफेल्ड या डॉक्टरांनी इस्रायलमध्ये ते वापरले, आणि १९६२ साली त्यातून पहिली मुलगी जन्मली. एका बाईच्या उपयोगी दुसरी अनोळखी बाई कशी पडते, त्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे १९७८ साल उजाडले. २५ जुलै रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅम येथे लुईस ब्राऊन ही शरीराबाहेर गर्भधारणा झालेली जगातील पहिली मुलगी जन्मली. डॉ. स्टेप्टो, डॉ. एडवर्ड्स आणि जीन पर्डी या परिचारिका-संशोधिका, अशा तिघांचे हे काम. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले; तोवर बाकीचे दोघे हयात नव्हते. आपल्या विषयाशी संबंध असा की लुईसच्या आईला बीजे वाढविणारी औषधे दिलीच नव्हती. निसर्गाने त्या महिन्यात पिकविलेले एकच बीज काढून घेतले होते. पहिली टेस्टट्यूब बेबी एका बीजाची आहे!

लगेच ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुर्गा नावाची मुलगी जन्मली. त्यांनी औषधांनी बीजे वाढविली आणि गर्भ गोठवून ठेवून नंतरच्या महिन्यात रोपण केले. पुढे हीच पद्धत जगभर रूढ झाली. परंतु सरकारी समितीने त्यांचे म्हणणे खोटे ठरविले, त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. १९९७ साली डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी त्यांच्या वह्या पाहून जाहीर केले की भारतातील पहिला मान मुखोपाध्याय यांचाच. हे आनंदकुमार कोण? १९८६ साली ज्यांच्या स्वतःच्या नावावर तो मान लागला होता, ते! आपल्या हातचे श्रेय असे दुसऱ्यास देणारी माणसे विरळा.

त्या १९८६ च्या घटनेचे स्थळ तर आपल्या वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. परळच्या के. ई. एम. हॉस्पिटलात, म्हणजे महानगरपालिकेच्या, गोरगरिबांच्या इस्पितळात, ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा ही मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी ते काम आनंदकुमार यांच्या परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या साहाय्याने केले. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या शिक्षकखोलीत एकच वर्तमानपत्र दहा जणींनी वाचल्याचे मला आठवते. २०१६ साली हर्षा स्वतः आई झाली, तेव्हाही प्रसूतीस डॉ. हिंदुजाच होत्या.

ज्यांची बीजे संपलीच आहेत त्यांच्यासाठी दुसरीचे बीज घेण्याचा मार्ग निघाला. बीजकोश निकामी झालेल्या स्त्रीस अशा रीतीने मातृत्व लाभल्याचा वृत्तान्त १९८४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला, आणि भारतातील असे पहिले मूल २४ जानेवारी १९९१ रोजी डॉ. हिंदुजा यांच्याच उपचाराने जन्मले. गर्भाशय बीजकोशासारखे लवकर म्हातारे होत नाही, हे यातून सिद्ध झाले.

हा झाला इतिहास. आता त्याच्या आधारे भाचीपुढचे मार्ग आम्ही कसे तोलले, ते सांगते.

पहिला मार्ग आणखी थांबून पाहण्याचा. तीन वर्षे प्रयत्न झाले होते आणि वय सदतीस. तेव्हा तो तिने सोडला. जावईबापूंची तपासणी मात्र आम्ही आधी करविली. ती ठीक निघाली. हे प्रत्येक घरी आधी व्हावे.

दुसरा मार्ग स्वतःच्या बीजांनी टेस्टट्यूब उपचार. येथे आम्ही दुसऱ्या डॉक्टरीणबाईंचे मत घेतले. त्यांनी समजावून सांगितले ते असे. दर महिन्याला बीजांची एक तुकडी जागी होते, तीतले एक पिकते, बाकीची सुकतात. औषध त्या सुकणाऱ्यांना वाचविते. म्हणून उपचाराने पुंजी लवकर संपते ही भीती खोटी. पण कणगीच्या तोंडाशी चारच दाणे आले असतील तर कितीही हात घातला तरी चारच निघणार. जास्त औषध म्हणजे जास्त मुले, असे नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधील मोठ्या प्रयोगात कमी शिल्लक असलेल्या बायकांना औषधाची मात्रा वाढवूनही जन्मणाऱ्या मुलांची संख्या वाढली नाही. डीएचईए, वाढीचे संप्रेरक, बीजकोशात स्वतःच्याच रक्तातील द्रव टोचणे, असल्या महागड्या जोडउपचारांचा फायदाही अजून निर्विवाद सिद्ध झालेला नाही.

यशाचे आकडे विचारताना "कोणत्या वयाचे, आणि मूल हाती आल्याचे की नुसते दिवस राहिल्याचे?" असे विचारावे. ब्रिटनमधील सरकारी नियामक संस्थेच्या २०२२ सालच्या आकड्यांप्रमाणे स्वतःच्या बीजापासून झालेल्या, रोपण केलेल्या दर गर्भामागे मूल जन्मण्याचे प्रमाण १८ ते ३४ वयात सुमारे ३५ टक्के, तर ४३-४४ व्या वर्षी सुमारे ५ टक्के होते. भाची यांच्या मधोमध. त्यातून गर्भ तयार होण्याचीच वानवा.

तिसरा मार्ग दात्रीच्या बीजाचा. यात यश वयाच्या मानाने पुष्कळ अधिक, कारण बीज तरुण असते. पूर्वी गरजू बायकांना पैशासाठी वारंवार बीज द्यावयास लावतात अशा तक्रारी होत्या. २०२१ च्या कायद्याने दात्रीचे वय २३ ते ३५ असावे, तिने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत आणि तिचा विमा उतरावा, असे ठरविले. घेणारीचे वय ५० च्या आत हवे. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी हा मार्ग घेतला. त्यांचा मुलगा आज शाळेत जातो आणि त्या कोणाहून कमी आई आहेत असे मला कधी वाटले नाही.

चौथा मार्ग दत्तकाचा. १९५६ च्या कायद्याने हिंदूंना मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि पतीने दत्तक घ्यावयाचे तर पत्नीची संमती आवश्यक झाली. आता अनाथ मुलांचे दत्तक सरकारच्या 'कारा' या संस्थेमार्फत होते. दोन वर्षांच्या आतील मूल हवे तर नोंदणीच्या वेळी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक असून चालत नाही. आमच्या मुलांची बेरीज ७७ होती. दर वर्षी ती दोनाने वाढणार. म्हणजे हातात चार वर्षे. शिवाय नोंदणीनंतर काही वर्षे वाट पाहावी लागते. हा हिशेब पुष्कळ जोडप्यांना ठाऊक नसतो, आणि उपचारांत सारी वर्षे गेल्यावर तो कळतो.

पाचवा मार्ग मुलाशिवाय सुखाने राहण्याचा. यास मार्ग म्हणावयास आपण तयार नसतो, पण तोही आहे.

शेवटी दोघांनी ठरविले ते असे : स्वतःच्या बीजांनी दोन खेपा करावयाच्या, तिसरी नाही, त्यासाठी पाच लाख बाजूला काढावयाचे, कर्ज काढावयाचे नाही, दागिना मोडावयाचा नाही, आणि पहिल्या खेपेच्या आधीच 'कारा'कडे नाव नोंदवावयाचे. मर्यादा आधी ठरविल्या हे फार बरे झाले. कारण आशा ही अशी गोष्ट आहे की ऐन वेळी मर्यादा ठरवू देत नाही.

पहिल्या खेपेस तीन बीजे मिळाली, एक गर्भ झाला, रुजला नाही. दुसऱ्या खेपेस दोन बीजे मिळाली, गर्भ झालाच नाही. त्या दिवशी मात्र ती रडली. खर्च चार लाख साठ हजारांच्या घरात गेला. दात्रीच्या बीजाचा विचार दोघांनी महिनाभर केला आणि नको म्हणून ठरविले. ते वाईट आहे म्हणून नव्हे, तर आता शरीराला आणि मनाला सुया नकोत म्हणून. सध्या ती दोघे दत्तकाच्या यादीत आहेत. कोणी म्हणेल, एवढे करून काय मिळाले? मी म्हणेन, आपण करावयाचे ते समजून-उमजून केले, ही खात्री मिळाली. ती ज्यांना मिळत नाही त्यांना रुखरुख आयुष्यभर पुरते.

मंडळाच्या भगिनींना माझे सांगणे थोडेच आहे. एखादीला असा प्रसंग आला तर तिला वैद्य सुचविण्यापूर्वी दुसरे मत घेण्यास सांगा, दवाखान्यात तिच्या सोबतीला जा, आणि पहिल्याच भेटीत पैसे भरू देऊ नका. "काही गोड बातमी?" हा प्रश्न आपण विचारावयाचा सोडून द्यावा; जिला सांगावयाचे असेल ती आपणहून पेढे घेऊन येईल. आणि येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात लेकुरवाळी, बिनलेकराची, विधवा असा भेद न करता आलेल्या प्रत्येकीची ओटी भरावी, असा ठराव आपल्या कार्यकारिणीने करावा, अशी सूचना मी या लेखाद्वारे मांडते. तिला अनुमोदन देणाऱ्या पुष्कळ जणी निघतील, अशी माझी खात्री आहे.